आतून धुतलेल्या गाड्या

एसीचे मिस्त्री मला आवडत नसत. हे आधीच सांगून टाकतो, कारण मी ज्याच्याबद्दल सांगणार आहे तोही एसीचाच मिस्त्री होता आणि तो मला आवडायचा. मी माणिक. घाटकोपरपासून मुलुंडपर्यंत आग्रा रोडवरच्या गॅरेजांना गाड्यांचे सुटे भाग पोचवणं हा माझा धंदा. त्या काळी गाडीत एसी असणं ही मिरवायची गोष्ट होती, त्यामुळे तो दुरुस्त करणाराही स्वतःला सर्जन समजायचा. पार्ट माझ्याकडून घ्यायचा, बसवताना मोडायचा, आणि वर मलाच म्हणायचा, माल डुप्लिकेट देतोस.

गुणाजी परब तसा नव्हता. तो पार्ट हातात घ्यायचा, फडक्याने पुसायचा, उजेडात धरून भोकातून आरपार बघायचा आणि विचारायचा, "माणिकभाऊ, ह्याच्या आत कचरा नाय ना?" नव्या कोऱ्या, खोक्यातून काढलेल्या पार्टमध्ये कसला आलाय कचरा? पण त्याचं समाधान होईपर्यंत मला तिथून हलता यायचं नाही. स्वच्छतेचं त्याला वेडच होतं, आणि वेडी माणसं आपला वेळ खातात.

हे वेड त्याने परळच्या गिरणीतून आणलं होतं. हवा कोरडी झाली की सूत तुटतं, म्हणून गिरणीत सतत ओलसर हवा खेळती ठेवावी लागते. ती हवा सोडणाऱ्या यंत्रांवर गुणाजी फिटर होता. कापसाची बारीक भुकटी नळांत जाऊन बसायची आणि फवारे तुंबायचे. म्हणून गिरणी बंद असेल त्या दिवशी नळ सोडवायचे, पाण्याच्या जोरदार धारेने आतून धुवायचे, मग हवा मारायची आणि परत जोडायचे. अख्खं तारुण्य त्याने हे केलं. "गुणाजीनं धुतलेला नळ तुंबत नाय, असं आमचा साहेब बोलायचा," हे त्याने मला इतक्या वेळा ऐकवलं होतं की तो साहेब माझ्याही ओळखीचा झाला होता.

मग संप झाला. संप फिसकटला, गिरणी उघडली, पण गुणाजीसाठी उघडली नाही. त्यानंतर त्याने मुलुंडच्या एका सोसायटीत वॉचमनगिरी केली, भांडुपच्या कारखान्यात हेल्परगिरी केली. सोसायटीने गुरखा ठेवला, कारखान्याला टाळं लागलं. त्याची बायको सुगंधा तोंडाने फटकळ, पण खोटं बोलणारी नाही. तिने सरळ सांगितलं होतं की आता पुढची नोकरी गेली तर गाशा गुंडाळायचा आणि गावाला जायचं. तिथे निदान भात तरी पिकतो. गुणाजीला गावाचं वावडं नव्हतं. त्याचा जीव अडकला होता मुलीत. तिचं नाव प्रेमा.

प्रेमाने त्या वर्षी दहावीची परीक्षा दिली होती. पोरगी हुशार, तिला सायन्सला जायचं होतं. गावाहून कॉलेज म्हणजे एसटीने दोन तास जायला आणि दोन तास यायला, पावसाळ्यात तेही नाही. गावी नेली की ती घरी बसणार आणि दोन वर्षांत तिचं लग्न होणार, हे गुणाजीला पुरतं ठाऊक होतं. मुंबईत मागे ठेवायची तर कुणाकडे? जवळचा म्हणावा असा एकटा धाकू, गावच्या त्याच्याच वाडीतला, आणि धाकूच्या भांडुपच्या खोलीत आधीच दोन भाऊ बायकापोरांसकट राहत होते. "चेडवाचा शिक्षण होऊंदे, मगे माका खय न्हेवचा थय न्हेवा," गुणाजी म्हणायचा. जीव तुटायला लागला की तो मालवणीवर जायचा; चेडू म्हणजे मुलगी.

धाकूनेच त्याला विद्याधर प्रधानांच्या गॅरेजात चिकटवलं. प्रधान इंजिनातले पक्के, शब्दाचेही पक्के, पण एसीचं काम त्यांनी नुकतंच सुरू केलं होतं आणि त्यातलं त्यांना कळत नव्हतं. धाकू गॅस भरायचा, तेही दुसऱ्याचं बघून शिकलेला. गुणाजी पाइप सोडवायचा, गळती काढायचा, जोडायचा. आणि जोडण्याआधी, अर्थातच, आतून धुवायचा. म्युनिसिपालटीच्या नळाला रबरी पाइप लावून पुढची जाळी आणि सगळ्या नळ्या अशा धुवायचा की बघत राहावं. मग पंपाने हवा मारायचा, उन्हात ठेवायचा, जोडायचा. प्रधान खूश. गिऱ्हाइकाला सांगायचे, "आमच्याकडे एसी आतूनसुद्धा धुऊन मिळतो." दुसरं कुठलंच गॅरेज हे करत नव्हतं. का करत नव्हतं, हे त्यांनी कुणाला विचारलं नाही. मीही विचारलं नाही, पण मी पडलो पार्ट विकणारा. गुणाजीला त्यांनी सांगितलं, "हा उन्हाळा बघतो. काम पटलं तर कायम करतो."

त्याच उन्हाळ्यात देवधरांची पांढरी फियाट आली.

श्यामसुंदर देवधर भांडुपच्या एका मोठ्या कारखान्यात वरच्या हुद्द्यावर होते, आणि कारखान्याच्या सगळ्या गाड्या कुठल्या गॅरेजात जायच्या ते त्यांच्या हातात होतं. प्रधान त्या गाडीकडे नवरदेवाच्या घोड्याकडे बघावं तसे बघत होते. तक्रार साधी होती, हवा गार येत नाही. गुणाजीने नळीतली गळती शोधली, झाळ मारली, आतून धुतलं, जोडलं. धाकूने गॅस भरला. गाडी गारेगार झाली. देवधर खूश, प्रधान खूश.

दोन आठवड्यांनी गाडी परत आली. सुरुवातीला गार लागतं, अर्ध्या तासाने नुसता पंखा. गाडी थोडी उभी केली की परत गार, मग परत तेच. गुणाजीने कॉम्प्रेसरचा पट्टा ताणून बघितला. पुढच्या जाळीतला चिखल काढला. सगळ्या सांध्यांना साबणाचा फेस लावून कुठे बुडबुडा येतो का बघितलं. एकही आला नाही. शेवटी सगळं उघडलं, दुप्पट मेहनतीने आतून धुतलं आणि जोडलं. गार झालं. या वेळी गाडी आठवड्याच्या आत परत आली.

तिसऱ्यांदा देवधर स्वतः आले नाहीत, ड्रायव्हरबरोबर चावी पाठवली. हे ओरडण्यापेक्षा वाईट. प्रधानांनी गुणाजी आणि धाकू दोघांना समोर उभं केलं. मी शेजारीच ऑइलचे डबे मोजत होतो, म्हणजे मोजायचं नाटक करत होतो.

"शनिवारी देवधर गाडी न्यायला येणार आहेत," प्रधान म्हणाले. "हवा गरम आली तर कारखान्याच्या गाड्या विसरायच्या. आणि मग तुमच्यातला एक जण घरी. धाकू जुना आहे. तेव्हा कोण, ते मी सांगायला नको."

दुपारी मी परत गेलो तेव्हा गुणाजी तिसऱ्यांदा नळ्या धूत होता. डबा बाकावर तसाच पडलेला, त्यावर माश्या. पाणी नळीच्या या टोकाने आत जात होतं, त्या टोकाने चकचकीत स्वच्छ बाहेर येत होतं, आणि हा माणूस त्या स्वच्छ पाण्याकडे बघून रडत होता. पन्नाशीचा माणूस रडतो तेव्हा कुठे बघावं कळत नाही. मी आपला डब्यावरच्या माश्या हाकलत बसलो.

"एवढा धुतलाय, माणिकभाऊ," तो म्हणाला. "आता अजून काय धुवू?"

"उद्या चालवून बघू," मी म्हटलं. दुसरं काय म्हणणार.

दुसऱ्या दिवशी धाकूने गॅस भरून दिला. गुणाजीला गाडी चालवता येत नव्हती, म्हणून मी स्टिअरिंगवर बसलो. मला तसाही पवईला एका गॅरेजात क्लच प्लेट द्यायची होती. मे महिन्याचं ऊन, काचा बंद, गुणाजी शेजारी हाताचा पंजा हवेसमोर धरून बसलेला. भांडुप गेलं, कांजूरला वळलो, हवा गार. मी म्हटलं, झालं की रे काम. तो म्हणाला, बोलू नका. पवईच्या तलावापाशी आलो आणि त्याचा पंजा हळूच मिटला. मला बघायचीही गरज पडली नाही. कपाळावर घाम यायला लागला होता.

गाडी झाडाखाली घेतली. गुणाजी खाली वाकून डॅशबोर्डखाली डोकं घालून पडला. तिथे एक छोटा व्हॉल्व्ह असतो, सुईच्या टोकाएवढ्या भोकातून गॅस पुढे जातो आणि गार होतो. बराच वेळ त्याने त्या व्हॉल्व्हवर बोटं ठेवली. मग उठला, समोरच्या चहावाल्याकडून ग्लासभर उकळतं पाणी आणलं, फडकं त्यात बुडवलं आणि व्हॉल्व्हभोवती गुंडाळलं. मी इंजिन चालूच ठेवलं होतं. आतून हिस्स असा आवाज आला आणि गार हवेचा झोत माझ्या तोंडावर आला.

मला आनंद झाला. गुणाजीला झाला नाही. तो फडकं हातात धरून तसाच वाकलेला.

"आत बर्फ धरतो," तो म्हणाला. "त्या भोकात. गॅसला बर्फ धरत नाय. पाणी असेल तरच धरेल."

"मग पाणी आहे आत."

"हां. पण आत पाणी खयसून येतला?" एवढं बोलून तो थांबला.

मी त्याच्याकडे बघत होतो. तो दार उघडून फुटपाथच्या कडेला बसला आणि दोन्ही हात मांड्यांवर उताणे टाकून त्यांच्याकडे बघत राहिला.

"मियाच घातलंय," तो म्हणाला. "मियाच. तीनव टायमाक."

मी काहीबाही बोललो. हवा मारतोस ना, उन्हात ठेवतोस ना. तो मान हलवत होता. मारलेल्या हवेत कितीशी ताकद, आणि मुंबईची हवाच मुळात ओली. गिरणीत आत थोडी ओल राहिली तर बिघडत नव्हतं, उलट तिथे ओलच हवी होती. इथे एक थेंब पुरे. गॅस भरायच्या आधी आतली हवा आणि ओल ओढून घ्यायला एक पंप लावतात, तो धाकू घाईगर्दीत एक बिडी ओढून होईपर्यंत लावायचा. गाडी चांगली होईना म्हणून हा माणूस ती अजून धूत होता, आणि धूत होता म्हणून ती चांगली होत नव्हती. मला खरंतर धाकूचा, प्रधानांचा, त्या गिरणीतल्या साहेबाचा, सगळ्यांचाच राग आला. गुणाजीचा येईना.

मग तो पेटल्यासारखा कामाला लागला. माझ्याकडून नवा ड्रायर घेतला; ही ओल शोषून घेणारी एक बाटली असते, नळ्यांच्या मध्ये बसवतात. नळ्या उघडून भट्टीसारख्या तापलेल्या पत्र्यावर सुकवल्या, पाण्याचं बोट लावलं नाही. जोडून झाल्यावर पंप लावला तो सकाळपासून संध्याकाळपर्यंत. धाकू कुरकुरला, "पंप जळात रे." गुणाजी म्हणाला, "जळूंदे." शनिवारी देवधर आले, गाडी घेऊन थेट ठाण्यापर्यंत जाऊन आले. परत आले तेव्हा त्यांच्या शर्टावर घामाचा डाग नव्हता. सोमवारपासून कारखान्याच्या गाड्या पाठवतो, म्हणाले.

देवधर गेल्यावर प्रधानांनी गुणाजीच्या पाठीवर थाप मारली. "एक तारखेपासून तू कायम. जा, घरी सांग."

या जागी गोष्ट संपली असती तर मी ती सांगितलीही नसती. गुणाजी जागचा हलला नाही. मला कळलं तो काय बोलणार आहे, आणि मी त्याला डोळ्यांनी खुणावलं, गप्प बस. दोन वेळा खुणावलं. त्याने माझ्याकडे बघितलं आणि मग प्रधानांकडे.

"साहेब, बाकीच्या गाड्या पण परत बोलवायला लागतील," तो म्हणाला. "मी आल्यापासून जेवढ्या उघडल्या तेवढ्या सगळ्या. त्यांच्यात पण पाणी आहे. ड्रायर ओला होईपर्यंत चालतील, मग बंद पडतील. आतून गंज पण धरेल."

प्रधान आधी हसले, त्यांना वाटलं थट्टा आहे. मग त्यांनी सगळं विचारलं आणि गुणाजीने सगळं सांगितलं. बोलला नसता तर एकेक गाडी परत आली असती आणि प्रत्येक वेळी धाकूचा गॅस वाईट ठरला असता. हे त्याने तिथे म्हटलं नाही. मला नंतर म्हणाला. प्रधानांना दुष्ट म्हणणं मला सोपं गेलं असतं, पण ते दुष्ट नव्हते.

"देवधरांना मला हे सांगावं लागेल," ते म्हणाले. "त्यांच्या गाड्या घ्यायच्या तर लपवून नाही घेता येणार. आणि त्यांना कळल्यावर ते तुझा हात त्यांच्या गाडीला लावू देणार नाहीत. मग मी तुला ठेवून काय करू, गुणाजी?"

तसंच झालं. देवधर म्हणाले, गाड्या पाठवतो, पण तो माणूस नको. प्रधानांनी एवढंच केलं की जुन्या गाड्या सगळ्या परत बोलावल्या आणि त्या सुकवून होईपर्यंत गुणाजीला ठेवलं. शेवटची गाडी झाली की त्याची सुट्टी.

त्या दिवसांत त्या गॅरेजात एसीचं जे काम झालं तसं मी आग्रा रोडवर कुठेही बघितलं नाही. एकेक गाडी यायची, गुणाजी ती उघडायचा, सुकवायचा, दिवसभर पंप लावायचा, तपासायचा. गिऱ्हाइकं आधी शिव्या घालायची आणि जाताना त्याचं नाव विचारायची. धाकू त्याच्याशी बोलताना खाली बघायचा. मधेच दहावीचा निकाल लागला. प्रेमाला इतके चांगले मार्क पडले की शाळेच्या बाईंनी तिला घरी येऊन पेढे दिले. सुगंधाने ते पेढे चाळीत वाटले आणि दुसऱ्या दिवशी ट्रंक उतरवून झाडायला घेतली. प्रेमाने कॉलेजचा फॉर्म आणला होता, तो भरायला अजून थोडे दिवस होते. गुणाजी मला म्हणाला, "तोपर्यंत हातात काम असलं ना, तर प्रेमाच्या आईला काय तरी समजावतो. कामावर आहे तोपर्यंत ती ऐकते."

मग एक दिवस गॅरेजात एकच गाडी राहिली, मुलुंडच्या एका डॉक्टरांची. गुणाजीने ती सुकवायला टाकली. दोन दिवसांनी मी गेलो तर सुकतच होती. आणखी दोन दिवसांनी गेलो तरी पंप चालूच. प्रधान केबिनमधून बघत होते, पण बोलले नाहीत. बोलले ते डॉक्टर. त्यांना गाडी हवी होती. दुपारी प्रधान बाहेर आले, पंपाच्या आवाजात जरा मोठ्याने म्हणाले, "गुणाजी, सुकली का रे?" आणि उत्तराला न थांबता आत गेले.

गुणाजीने पंप बंद केला. धाकूने गॅस भरला. मी स्टिअरिंगवर बसलो, गुणाजी शेजारी. मुलुंडच्या पाच रस्त्यापर्यंत गेलो, परत आलो, पुन्हा गेलो, अर्धा तास उलटून गेला. या वेळी त्याने पंजा हवेसमोर धरला नाही. हात मांडीवर ठेवून तो समोरच्या काचेतून बघत बसला होता.

"माणिकभाऊ, माका समजना नाय आता," तो म्हणाला. "तुम्ही हात लावा. थंड आहे काय?"

मी हात लावला. नाही म्हणायचं माझ्या अगदी ओठांवर आलं. मी नाही म्हटलं असतं तर त्याने विश्वास ठेवला असता. ती गाडी त्याने परत उघडली असती, आणखी चार दिवस सुकवली असती, प्रधानांनी डॉक्टरांना काहीतरी सांगितलं असतं, आणि त्या चार दिवसांत पोरीचा कॉलेजचा फॉर्म भरून झाला असता. आयुष्यात मी गिऱ्हाइकांना ढीगभर थापा मारल्या, पोट भरायला मारल्या. पण तो माझ्या तोंडाकडे बघत होता, नवा पार्ट खोक्यातून काढल्यावर बघायचा तसाच.

"थंड आहे," मी म्हटलं.

त्याने मान डोलावली. "मग चला," म्हणाला, "डॉक्टरांना गाडी देऊया."